एक शाफ्ट, दोन टोकं आणि होंडाची चार वर्षं

परवाच्या एपिसोडमध्ये मी ओघात म्हणून गेलो की फॉर्म्युला वनमध्ये २०१४ नंतर जे घडलं ते बरंचसं एका शाफ्टभोवती फिरत होतं. त्यावर दोघातिघांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय?" तेव्हा बोलायला वेळ नव्हता, आता सविस्तर सांगतो.

२०१४ साली २.४ लिटरचं व्ही-८ इंजिन गेलं आणि १.६ लिटरचं टर्बो व्ही-६ आलं. सोबत दोन विद्युत यंत्रं. एक एमजीयू-के, जे ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा पकडतं आणि नंतर १२० किलोवॅटपर्यंत परत देतं. दुसरं एमजीयू-एच, जे टर्बोच्या शाफ्टवरच बसतं आणि एक्झॉस्टमधून जाणाऱ्या ऊर्जेची वीज करतं. नियमांची गंमत बघा: के कडून बॅटरीत एका लॅपला फक्त २ मेगाज्यूल भरायला परवानगी, पण एच वर अशी मर्यादाच नाही. इंधन मात्र तासाला जास्तीत जास्त १०० किलो या वेगानेच जाळायचं. म्हणजे ज्याचं एच चांगलं, तो तेवढ्याच पेट्रोलमध्ये पुढे.

टर्बोला दोन चाकं असतात. गरम एक्झॉस्टने फिरणारा टर्बाइन आणि त्याच शाफ्टवर फिरून ताजी हवा दाबणारा कॉम्प्रेसर. नेहमीच्या मांडणीत दोघं शेजारी शेजारी. फेरारी आणि रेनॉ यांनी दोन्ही इंजिनाच्या मागे ठेवले. यात अडचण अशी की टर्बाइन लालभडक तापतो आणि शेजारच्या कॉम्प्रेसरला त्याची झळ लागते. हवा गरम झाली की विरळ होते, म्हणून ती थंड करायला मोठा इंटरकूलर लागतो. मोठा इंटरकूलर म्हणजे गाडीचं अंग फुगणार.

मर्सिडीजच्या ब्रिक्सवर्थमधल्या लोकांनी ही जोडीच फोडली. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढच्या टोकाला, टर्बाइन मागच्या टोकाला, आणि सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेतून जाणारा लांब शाफ्ट. एमजीयू-एच त्याच खाचेत, मधोमध. हवा थंड राहिली, पाइप आखूड झाले, गाडी सडपातळ झाली. त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती त्यांनी जिंकल्या.

मग बाकीच्यांनी लगेच हेच का नाही केलं? इथे माझा प्रांत येतो, कारण मी पोटापाण्यासाठी फिरणाऱ्या शाफ्टांचाच अभ्यास करतो. तुमच्या भाड्याच्या फ्लॅटमधलं वॉशिंग मशीन आठवा. स्पिन सुरू झालं की एका ठरावीक वेगाला ते असं थडथडतं की खालच्या मजल्यावरची बाई वर येईल की काय असं वाटतं. वेग आणखी वाढला की शांत. प्रत्येक फिरणाऱ्या वस्तूचे असे काही नाठाळ वेग असतात. शाफ्टची जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली, तर वाकून थरथरण्याची वारंवारता साधारण चौथाईवर येते. म्हणजे लांब शाफ्टचा नाठाळ वेग खाली उतरतो, नेमका जिथे टर्बोला काम करायचं असतं तिथे. या टर्बोला मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत परवानगी होती, म्हणजे सेकंदाला दोन हजारांहून जास्त. शिवाय वॉशिंग मशीन तो वेग एकदाच ओलांडतं, पण ड्रायव्हर प्रत्येक वळणावर पाय काढतो आणि दाबतो, त्यामुळे टर्बोचा वेग सतत खालीवर होत असतो. हा सगळा मार खातात ती बेअरिंगं.

होंडा २०१५ साली मॅक्लारेनसोबत परतली. गाडीची पाठ अगदी निमुळती हवी म्हणून त्यांनी कॉम्प्रेसरच त्या खाचेत बसवला. खाच केवढी, त्यात मावणारा कॉम्प्रेसर केवढा! तो लहान पडला, एच ला पुरेशी वीज करता येईना, आणि लांब सरळ रस्त्यावर बॅटरी मध्येच दम टाकू लागली. वर इंजिनंही टिकेनात. वर्षाला मोजकीच इंजिनं वापरायची मुभा असते, जास्त वापरलीत की सुरुवातीच्या रांगेत मागे जायचं. बेल्जियमला बटनला ५० आणि अलोन्सोला ५५ जागांची शिक्षा झाली. रांगेत गाड्या होत्या वीस! होंडाच्या घरच्या सुझुका ट्रॅकवर अलोन्सोने रेडिओवरून इंजिनाची तुलना खालच्या श्रेणीतल्या जीपी-२ शी केली, ती तर जगाने ऐकली.

२०१७ मध्ये होंडाने खाचेचा हट्ट सोडून मर्सिडीजसारखी फुटलेली मांडणी घेतली. आणि परिस्थिती आणखी बिघडली. हे मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं, कारण मांडणी तर आता 'बरोबर' होती. बार्सिलोनाच्या चाचणीत तेलाच्या टाकीनेच घात केला. वळणावर गाडीला बसणारे हिसके प्रयोगशाळेतल्या रिगवर तसे देता येत नाहीत, त्यामुळे तेल कसं हिंदकळेल ते आधी कळलंच नाही. कंपनांचंही तसंच. डायनोवर इंजिन भक्कम बांधलेलं असतं. गाडीत त्याला गिअरबॉक्स आणि रबरी टायर जोडले जातात आणि सगळ्या साखळीचे नाठाळ वेग बदलतात. एमजीयू-एच तर वारंवार निकामी होत होतं.

सुटका झाली ती घरातूनच. होंडा छोटी जेट विमानंही बनवते, आणि लांब शाफ्ट न थरथरता वेगाने फिरवणं हे विमान-इंजिनवाल्यांचं रोजचं काम. २०१८ मध्ये त्या विभागाच्या मदतीने एच चं दुखणं आटोक्यात आलं. एकाच कंपनीतल्या दोन खोल्यांमधल्या लोकांनी आधी एकमेकांना का विचारलं नाही, असा प्रश्न पडतो खरा. पण माझ्याच मजल्यावर, भिंतीपलीकडे, कोण काय करतं ते मला दोन वर्षं माहीत नव्हतं, त्यामुळे मी जास्त बोलत नाही.

अनुभवी घरातही बेअरिंग दगा देतं, बरं का. २०१६ ला मलेशियात हॅमिल्टन आघाडीवर असताना मर्सिडीजचं इंजिन पेटलं. कारण क्रँकशाफ्टजवळचं बेअरिंग. ते वर्ष त्याने रोझबर्गपुढे पाच गुणांनी गमावलं.

२०२६ च्या नियमांत एमजीयू-एच काढून टाकलंय. महाग आणि किचकट म्हणून. के ला मात्र १२० ऐवजी ३५० किलोवॅट दिलेत. आमच्यासारख्यांना जरा चुटपुट लागते, पण ठीक आहे.

तुम्ही यूट्यूबवर ३० जून २०१९ ची ऑस्ट्रियाची शर्यत शोधा. शेवटचे पाच लॅप बघा, आणि मग पोडियम. व्हर्स्टापेन छातीवरच्या होंडाच्या खुणेकडे बोट दाखवतो. २००६ नंतरचा होंडाचा तो पहिला विजय. बाजूला संघाची ट्रॉफी घेऊन उभे असलेले चष्मेवाले गृहस्थ म्हणजे होंडाचे इंजिनिअर तोयोहारु तानाबे.