कच्च्या लिंबाचं गणित

ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि टीम इंडियाच्या जर्सीवरचं प्रायोजकाचं नाव उतरलं. त्यावर चर्चा पुष्कळ झाली. कौशल्य की नशीब हा आपल्या न्यायालयांचा जुना, आवडता वाद. नव्या कायद्याने तो ऑनलाइनपुरता निकालातच काढला: खेळ कुठलाही असो, पैसे लावलेत की बंद. हा गदारोळ चालू असताना एका रविवारी सकाळी सहा वाजता मी पुण्यातल्या एका गोल्फ कोर्सवर, एका मित्राच्या आग्रहाखातर, चिखलात उभा होतो. समोर एक डॉक्टर आणि एक निवृत्त कर्नल पैज ठरवत होते.

"शंभर-शंभर-शंभर?"

"चालेल. पण चौदा द्यायचे."

"चौदा? मागल्या रविवारी बारा घेतलेस ना?"

"मागल्या रविवारी कोर्स कुठला होता, डॉक्टर?"

डॉक्टरांनी मोबाइल काढला, काहीतरी पाहिलं आणि निमूटपणे मान हलवली. आपल्याकडे लहानपणी लगोरीत धाकट्या भावाला घ्यावंच लागायचं, तेव्हा तो 'कच्चं लिंबू' असायचा. बाद झाला तरी बाद नाही. गोल्फमधला हँडिकॅप म्हणजे हेच कच्चं लिंबू, फक्त इथे लिंबू किती कच्चं आहे ते दशांश चिन्हापर्यंत मोजतात.

मुळात हा शब्द पैजेच्याच घरातला. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या गुत्त्यांत एक खेळ चाले. सॅम्युएल पीप्सने 1660च्या डायरीत त्याची नोंद केली आहे. दोघांनी आपापल्या वस्तूंची अदलाबदल करायची, म्हणजे समजा एकाचा झगा आणि दुसऱ्याचं घड्याळ. तिसरा पंच. कुणी किती वरकड द्यायची ते तो सांगणार. मग दोघांनी पणाचे पैसे ठेवलेल्या टोपीत हात घालायचे आणि सौदा कबूल की नाही ते एकदमच दाखवायचं. गंमत पुढे आहे. दोघांचं उत्तर जुळलं, मग ते हो असो की नाही, तर टोपीतले पैसे पंचाचे. त्यामुळे पंच जीव तोडून बरोबरीचा भाव काढायचा, कारण त्याचं पोट त्यावर होतं. टोपीतल्या हातावरून हँडिकॅप. तिथून तो घोड्यांच्या पाठीवर गेला, वजनाच्या रूपाने. महालक्ष्मी रेसकोर्सवर जाणाऱ्यांना तो तिथे अजून भेटतो. गोल्फमध्ये आला तो बराच उशिरा.

पैजा मात्र गोल्फमध्ये त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्स राजाच्या काळात, 1491 मध्ये, गोल्फवर बंदीचा कायदा झाला, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडू बडवत बसले होते. पुढे बारा-तेरा वर्षांतच त्याच राजाच्या खजिनदाराच्या हिशोबवहीत अर्ल ऑफ बॉथवेलबरोबर गोल्फ खेळायला राजाला दिलेले पैसे मांडलेले सापडतात. बंदी आणि शौक एकाच खजिन्यातून चालतात, हे काही आजचं नाही.

आता ते बाराचे चौदा कसे झाले? इथे एका माणसाचं नाव घ्यावंच लागेल: डीन नूथ. अमेरिकी नौदलातला माणूस, आणि गोल्फवाले त्याला चक्क 'स्लोपचे पोप' म्हणतात. त्याच्या डोक्यात आलेली गोष्ट इतकी साधी होती की आधी कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटतं. अवघड कोर्स सगळ्यांना सारखा अवघड नसतो. समोर दीडशे यार्डांचं तळं असेल तर चांगल्या खेळाडूला ते दिसतही नाही, कच्च्या खेळाडूचे मात्र तीन चेंडू त्यात जातात. म्हणून प्रत्येक कोर्सला 'स्लोप' नावाचा एक आकडा द्यायचा, 55 ते 155. मध्यम कोर्स 113. तो आकडा जितका मोठा, तितकी कच्च्या भिडूची दैना जास्त. आज ही मोजणी जगभर चालते. 2020 मध्ये सहा वेगवेगळ्या पद्धती मोडून एकच जागतिक हँडिकॅप पद्धत आली, ती याच पायावर.

त्या दिवशी आमच्या कोर्सचा स्लोप होता 131. डॉक्टरांचा हँडिकॅप निर्देशांक 8, कर्नलचा 20. मध्यम कोर्सवर फरक बारा. इथे दोन्ही आकड्यांना 131 ने गुणा, 113 ने भागा: नऊ आणि तेवीस. फरक चौदा. (कोर्स रेटिंग आणि पार सारखंच धरलंय, नाहीतर आणखी एक बेरीज-वजाबाकी आली असती.) हे चौदा स्ट्रोक एकगठ्ठा मिळत नाहीत. स्कोअरकार्डवर प्रत्येक होलसमोर एक ते अठरा असा क्रम छापलेला असतो. पहिल्या चौदा क्रमांकांच्या होलवर कर्नलच्या फटक्यांतून एकेक वजा. बाकीच्या चार होलवर बरोबरीचा सामना.

बहुतेक हौशी खेळाडूंनाही माहीत नसलेली एक गोष्ट आहे. निर्देशांक म्हणजे तुमची सरासरी नव्हे. शेवटच्या वीस कार्डांतली सर्वोत्तम आठ घेऊन त्यांची सरासरी काढतात. म्हणजे तो आकडा तुमच्या चांगल्या दिवसांचा. रोजच्या खेळात त्यापेक्षा दोन-चार फटके जास्तच लागतात. शिवाय कसलेला खेळाडू सातत्याने खेळतो आणि नवखा कधी घोड्यावर, कधी गाढवावर. म्हणून दोघांच्या सामन्यात पारडं किंचित कसलेल्याकडे झुकतं, आणि शंभर जणांच्या स्पर्धेत बक्षीस बहुधा कुठलातरी वीस-बावीसवाला घेऊन जातो. शंभरातल्या कुणाचातरी दिवस भलताच चांगला निघतोच.

आणि कुणाचा दिवस फारच चांगला, फारच वेळा निघायला लागला, की कुजबुज सुरू होते. चांगली कार्डं नोंदवायचीच नाहीत, वाईट तेवढी भरायची, आकडा फुगवायचा आणि पैजेला उतरायचं. याला इंग्रजीत सँडबॅगिंग म्हणतात. मी रडीचा डाव म्हणेन. पद्धतीने त्यावर कुंपणं घातली आहेत: निर्देशांकापेक्षा सात फटक्यांनी सरस कार्ड आलं तर आकडा एकने उतरतो, दहाने सरस आलं तर दोनने. पण भरलेल्या कार्डाची तपासणी होते, न भरलेल्या कार्डाचं कोण काय करणार? अमेरिकेत टायटॅनिक थॉम्पसन नावाचा नामांकित पैजबाज होऊन गेला. उजव्या हाताने खेळून जिंकायचा आणि मग हरलेल्याला म्हणायचा, चल, आता डाव्या हाताने खेळतो, पैज दुप्पट. तो जन्माने डावखुरा होता.

आमच्या कॅडीला असल्या कहाण्या सांगायची गरज नव्हती. कर्नलचा चेंडू ओल्या टॉवेलने पुसता पुसता तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, यांचा वीस कागदावरचा. पावसात वीस, थंडीत सोळा." माझं मत विचाराल तर जागतिक पद्धतीने हँडिकॅप समितीत एक खुर्ची कॅडींसाठी ठेवायला हवी.

हिशोब असा झाला. 'शंभर-शंभर-शंभर' याला नासाऊ म्हणतात, न्यूयॉर्कजवळच्या नासाऊ कंट्री क्लबवरून. पहिल्या नऊ होलचे शंभर, दुसऱ्या नऊचे शंभर, एकूण अठराचे शंभर. सहा होलनंतर डॉक्टर दोनने पुढे होते. कर्नल म्हणाले, "प्रेस." म्हणजे उरलेल्या तीन होलवर नवी, वेगळी शंभराची पैज. त्या तिन्हींत मिळून कर्नलनी एक होल कमावला, म्हणून प्रेस त्यांची, पण पहिले नऊ तरीही डॉक्टरांचे, एका होलने. दुसरे नऊ कर्नलनी दोनने मारले, त्यामुळे अठराही एका होलने त्यांचेच. तीन शंभर इकडे, एक शंभर तिकडे. डॉक्टरांचं देणं दोनशे.

हे दोनशे न दिले तर? 1872च्या करार कायद्याचं कलम 30 म्हणतं, पैजेचा करार निरर्थक, वसुलीसाठी दावा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये घेरुलाल पारख प्रकरणात सांगितलं की असा करार निरर्थक असला तरी बेकायदा नव्हे. जुन्या मुंबई इलाख्याचा 1865चा कायदा याहून कडक: पैजेला चिकटलेले उपकरारही त्याने निरर्थक ठरवले. गोल्फच्या नियमकर्त्यांचा मात्र ओळखीच्या लोकांनी खुशीने, आपल्याच खिशातून, मजेपुरते पैसे लावायला आक्षेप नाही. मोबाइलवरच्या खेळात नेमकं हेच नव्हतं. समोरचा कोण ते माहीत नाही, त्याचं लिंबू किती कच्चं तेही नाही, आणि पंच स्वतःच टोपीत हात घालून बसलेला. मजेपुरतं म्हणजे किती, हे नियम सांगत नाहीत. माझ्या मते सकाळच्या नाश्त्याचं बिल ही वरची मर्यादा असावी. त्यापुढे गेलं की कार्डं भरायची राहून जाऊ लागतात.

क्लबहाऊसच्या पायरीवर लाल माती झटकत डॉक्टरांनी भिजलेल्या पाकिटातून दोन नोटा काढल्या. कर्नलनी त्या मोजल्या, दोनच असूनही. रिवाज असा की जिंकणाऱ्याने सगळ्यांचा नाश्ता द्यायचा. चार आम्लेट, टोस्ट, दोनदा चहा, शिवाय माझ्यासारखा आगंतुक. बिल आलं सहाशे चाळीस. डॉक्टरांनी ते हसत कर्नलच्या बशीखाली सरकवलं.

"पुढल्या रविवारी बारा," ते म्हणाले.

"कुठल्या कोर्सवर?" कर्नल म्हणाले.