डावीकडून तिसरा

माजी सैनिकापुढे रेकॉर्डर ठेवला, की आधी मिळते ती पंधरा ऑगस्टची गोष्ट. ध्वजवंदनाला, सत्काराला, नातवाच्या वर्गात सांगून सांगून ती गुळगुळीत झालेली असते. सातारा जिल्ह्यातल्या ज्या आबांकडे मी सध्या बसतो, त्यांची गोष्ट बांगलादेश युद्धातल्या जमालपूरची. डिसेंबर १९७१. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे जंगी पलटणीने, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागचा रस्ता अडवला होता. ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र धाडलं. पाकिस्तानी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी नकार कळवला आणि पत्रासोबत बंदुकीची गोळी पाठवली. आबा तो नकार असा ऐकवतात, जणू कर्नलसाहेब शेजारीच उभे होते.

“गोळी तुम्ही पाहिली होती, आबा?”

“छे! मी मोर्च्यात. पत्राचं मागनं कळलं. पुस्तकातबी आलंय की ते.”

हा भाग मी कापत नाही, पण त्यासाठी आलेलोही नसतो. अधिकाऱ्यांची युद्धं छापून येतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांच्या पराक्रमाची सरकारदरबारी नोंद झाली. बाकी साध्या जवानाचं दफ्तर म्हणजे त्याची काळी लोखंडी पेटी. ती पलंगाखालून बाहेर ओढली, की खरं काम सुरू होतं.

पेटीत डिस्चार्ज बुक, रुमालात बांधलेली पदकं आणि कॅरीबॅगमध्ये फोटो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढायचा नाही. बारीक नायलॉनचा दोरा मागून हळूहळू सरकवायचा, आणि सुटत नसेल तर पानासकट स्कॅन करायचा. दमटपणाने काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच ठेवायचा. समोर काळं कापड धरून, बाजूने उजेड घेऊन त्याचा फोटो काढला तर चकाकी येत नाही. बुरशीपेक्षा मला धास्ती लॅमिनेशनची. ‘टिकावा म्हणून’ घरच्यांनी मायेने फोटो प्लास्टिकमध्ये भाजून घेतलेला असतो आणि तो आता कायमचा तसाच राहणार. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंट लालसर पडल्यात, कृष्णधवल मात्र बऱ्यापैकी तग धरून आहेत.

स्कॅन सहाशे डीपीआयवर, टिफ फाइलमध्ये, पुढची आणि मागचीही बाजू. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी बायकोच्या नावे चार ओळी. नवं काही लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

एका फोटोत आबा ताठ उभे आहेत, बाहीवर नाइकच्या दोन फिती. फोटो लढाईआधीचा, असं ते ठासून सांगतात. छातीवर ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम मेडल’ ही त्याच युद्धाची पदकं दिसतायत, म्हणजे फोटो १९७१ नंतरचाच. मी वाद घालत नाही. नोंदीत दोन्ही जातं: आबा काय म्हणाले आणि पदकं काय म्हणतात.

मग निघाला ग्रुप फोटो. दहा-बारा जण, आडनावंही लिहिलेली नाहीत. हा फोटो हातात आला आणि आबांचं पाठांतर सुटलं. डावीकडून पहिल्याला दम्याची धाप लागायची, पण डॉक्टरपुढे उभा राहिला की पठ्ठ्या श्वास रोखून धरायचा. दुसऱ्याने नदी ओलांडताना बूट गळ्यात बांधले होते. एका गावात म्हातारीने सगळ्यांच्या ओंजळीत मुरमुरे घातले, “आन् भाषा कळंना, म्हणून निस्ती हसत हुती.” गोळीच्या गोष्टीला सेनापतीसारखा लागलेला आवाज इथे घरचा झाला. प्रश्न मोठा विचारला, ‘युद्धात काय वाटलं?’ असा, की माणूस भाषणाकडे वळतो. पायात काय होतं, खाल्लं काय, झोपलात कुठे, एवढं विचारावं आणि गप्प बसावं. पंखा बंद ठेवावा. कानाला न जाणवणारी त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये शब्द खाते.

मध्येच आबा म्हणाले, “हे बंद कर जरा.” केलं. पुढची दहा मिनिटं माझ्याकडे नाहीत आणि ती इथेही येणार नाहीत. संमतीपत्रावर घरच्यांची सही घेतली म्हणून त्यांच्या दुःखाची मालकी आपल्याकडे येत नाही.

तिसऱ्यावर आबा अडले. चुलीपाशी बसलेल्या आजींनी फोटो मागून घेतला. “ह्यो न्हाय व्हय, सुट्टीला जाताना आपल्याकडं उतरल्याला? कोल्हापूरकडचा. बारकीला फ्रॉक आणला हुता.” आबा म्हणाले, बेळगावचा. दोघांची चांगलीच जुंपली. त्या जुंपण्यातून फ्रॉकचा रंग, बारकीचं वय, त्या साली पाऊस किती उशिरा आला, सगळं निघालं. तेव्हापासून मी बायकांना वेगळं बसवून विचारत नाही. दोघांनाही एकाच माइकसमोर घेतो.

१९७१ला विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. म्हणून त्याच संध्याकाळी फाइलच्या तीन प्रती करतो: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी भावाकडे. सोबत साधी यादी: उभे, बसलेले, डावीकडून उजवीकडे. तिसऱ्यापुढे नावाऐवजी सध्या लिहिलंय, ‘कोल्हापूर (आजी), बेळगाव (आबा)’. त्या फोटोतले आणखी एकजण कराडजवळ राहतात, असं आबांनी सांगितलंय. त्यांना फोन लागला. त्यांना कमी ऐकू येतं, सून म्हणाली, रविवारी या.