गिरमिटाखालचा समुद्र

गिरमिट बर्फात उतरताना आधी कोरडा, करकर आवाज येतो. भोकाभोवती पांढऱ्या भुग्याची रास साचते. मग आवाज ओला होतो, हातावरचा जोर एकदम सुटतो आणि काळसर पाणी वर चढतं. खाली समुद्र आहे हे ठाऊक असूनही मी दोन पावलं मागे सरकले.

एप्रिलमधली सकाळ; स्वालबार्डमधल्या कोंग्सफ्योर्डचं आतलं टोक, ७९ उत्तर अक्षांशाजवळ. याच खाडीकाठी न्यू-ऑलेसुंड गावात भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८पासून आहे. ते चालवणारी संस्था गोव्यात, वास्कोला. आमच्यातला एकजण बंदूक घेऊन चहूकडे नजर ठेवून उभा होता. अस्वलांवर लक्ष ठेवायची पाळी त्याची.

भोकात टेप सोडतात. टोकाला पितळेची आडवी पट्टी असते. ती तळाखाली गेली की टेप हळूच वर ओढायची. पट्टी बर्फाला खालून अडकते, तेव्हा आकडा वाचायचा. मग पाणी बर्फाच्या माथ्यापासून किती खाली आहे, वर भुसभुशीत हिम किती साचलंय, तेही मोजायचं. नोंद पेन्सिलीने, कारण थंडीत शाई दगा देते. माझ्या पहिल्या भोकात बर्फ गुडघाभरही नव्हता.

उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, असं मलाही वाटलं होतं. उपग्रहांमुळे १९७९पासून बर्फाच्या पसाऱ्याची सलग नोंद आहे: आर्क्टिकमध्ये सप्टेंबरात १९८०च्या दशकात साधारण ७० लाख चौरस किलोमीटर, २०१२ साली जेमतेम ३४ लाख. जाडीचं गणित मात्र नाजूक. बर्फ पाण्यावर किती डोकावतो ते उपग्रह टिपतो आणि त्यावरून बुडालेला भाग काढतात. तो कितीतरी पट मोठा, म्हणून वरच्या हिमाचा अंदाज दोन बोटं चुकला तरी खाली वीतभर घोळ होतो. तो अंदाज पडताळायला माणसाला भोकंच पाडावी लागतात.

मग बर्फाचा दंडगोल काढला. त्याचा तुकडा जिभेवर ठेवला, खारट. समुद्र गोठताना मीठ बारीक पोकळ्यांत अडकतं आणि पुढच्या उन्हाळ्यांत झिरपून जातं. म्हणून जुना बर्फ वितळवून पिता येतो. १९८०च्या दशकाच्या मध्यात आर्क्टिकमधला सुमारे तिसरा हिस्सा बर्फ चार वर्षांहून जुना होता, आता शंभरात पाच भागही नाही. पसाऱ्यापेक्षा मला हीच गोष्ट जास्त लागली. तिथला बर्फ आता म्हाताराच होत नाही.

कोंग्सफ्योर्डमध्ये २००३पासून बर्फाची नियमित मोजणी होते. २००६च्या आधी तो खाडीच्या मध्यापर्यंत धरायचा. मग अटलांटिकचं उबदार पाणी आत शिरू लागलं. परतताना होडी जुन्या नोंदींतल्या एका जागेवरून गेली. नोंदवही सांभाळणाऱ्या सोबत्याने इंजिन बंद करायला लावलं, तारीख घातली, जाडीच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढे वेळही टाकली.