वीज गेली तरी न विसरणारी मेमरी

चहाला उठताना विंडोज आणि एल ही बटणं एकदम दाबली की पडदा बंद होतो. सवय उत्तमच; आपल्या खुर्चीत येऊन कुणी आपली मेल वाचत नाही. पण पडद्यामागे संगणक जागाच असतो. फायली उघड्या असतात, आणि सगळ्या डिस्कचं कुलूप उघडणारी किल्लीही तिथेच, रॅममध्ये म्हणजे चालू कामाच्या मेमरीत असते.

बिटलॉकर ही विंडोजमधली सोय चालू असेल तर डिस्कवरचा मजकूर कायम सांकेतिक रूपात असतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी काही वाचता येत नाही. मात्र काम चालू असताना मजकूर सतत उलगडावा लागतो, म्हणून किल्ली हाताशी ठेवावी लागते. ती इवलीशी, मोजक्या इंग्रजी अक्षरांच्या जागेत मावणारी!

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार. तो गळक्या माठासारखा सतत झिरपतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांनी तो पुन्हा भरला जातो. साहजिकच, वीज तोडली की सगळं तत्क्षणी पुसलं जातं, असा सर्वसाधारण समज होता.

2008 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मेमरीत मोनालिसाचं चित्र भरलं आणि वीज तोडली. पाच सेकंदांनी पाहिलं तर चित्र जवळजवळ जसंच्या तसं! अर्ध्या मिनिटाने, मिनिटाने ते हळूहळू विरत गेलं. मग त्यांनी धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून चिपवर फवारला. उलट्या डब्यातून अतिथंड द्रव बाहेर पडतो. चिप उणे 50 अंशांच्या आसपास गेली, आणि विजेविना दहा मिनिटं राहूनही तिच्यातले एक टक्काही बिट बिघडले नाहीत. तेवढ्या वेळात चिप काढून दुसऱ्या संगणकात आरामात बसवता येते.

मला सर्वांत थक्क करते ती पुढची पायरी. थोडे बिट उडाले तर किल्ली निकामी व्हायला हवी. पण वेग वाढवण्यासाठी संगणक त्या किल्लीपासून काढलेल्या उपकिल्ल्याही शेजारीच मांडून ठेवतो. त्यांच्याशी ताळा करून संशोधकांनी उडालेले बिट शोधून काढले.

पुढे उत्पादकांनी संगणक सुरू होतानाच जुनी मेमरी पुसायची सोय केली. 2018 मध्ये एफ-सिक्युअर कंपनीच्या संशोधकांनी तीही निकामी करून दाखवली. स्लीपमधल्या संगणकाची रॅम जागीच असते, हे त्यांचं मुख्य म्हणणं.

चहापुरतं उठताना पडदा बंद करणं ठीक. रात्री लॅपटॉप टेबलावर ठेवून घरी जाताना मात्र स्लीप नको, शटडाउन किंवा हायबरनेट करावं. रॅमची वीज तुटते आणि काही मिनिटांत भार ओसरतो. शिवाय बिटलॉकरला सुरुवातीचा पिन लावून घ्यावा. तो नसेल तर बटण दाबताच संगणक, समोर कोण आहे हे न विचारता, किल्ली पुन्हा मेमरीत आणून ठेवतो.