दालचिनी जॅम टिकवत नाही

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी स्वस्त झाली की घरोघरी जॅमचा घाट घातला जातो. दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, दोन-चार मिरीदाणे पडले की तो ‘मसाला जॅम’. चवीला झकास; पण मसाल्यामुळे तो वर्षभर टिकतो हे काही खरं नाही. लवंगेतल्या युजेनॉलला जंतू रोखायचा गुण आहे, मात्र तो कामी यावा इतक्या लवंगा घातल्या तर जीभ बधिर होईल. जॅम टिकतो साखरेवर. विरघळलेल्या साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास पोचलं की बुरशीला लागणारं मोकळं पाणी उरत नाही. साखर निम्मी करून ‘हेल्दी’ जॅम जरूर करावा; तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि लवकर संपवावा.

एकदाच भरपूर करून ठेवला की गॅस आणि कष्ट वाचतात, हा हिशेबही फसवा. अर्धा किलो स्ट्रॉबेरी आणि ४०० ग्रॅम साखर चढवली तर आटून साधारण ६७५ ग्रॅम राहायला हवं, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम पाणी उडायचं. पसरट कढईत, मोठ्या आचेवर ते भराभर उडतं. दोन किलो फळं खोल पातेल्यात घातली की जवळजवळ लिटरभर पाणी उडवायचं असतं, आणि वाफेला वाट तेवढीच. तोवर रंग काळपटतो, वास जातो आणि जॅम धरून ठेवणारं पेक्टिनही शिजून तुटतं. मग ‘अजून घट्ट होत नाही’ म्हणून आणखी उकळायचं!

मुरांब्याच्या सवयीने तार बघणाऱ्यांचा जॅम चिवट होतो. तार पाकाची असते. इथे गार बशीत थेंब टाकावा, मिनिटभराने बोटाने सरकवावा. वर सुरकुती पडली की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर समुद्रसपाटीला १०४-१०५ अंश सेल्सिअस. साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात मात्र पाणीच ९५-९६ अंशांना उकळतं, तेव्हा तिथे शंभरच्या आसपासच थांबायचं.

मऊ पडलेली फळं जॅमला चालतात, असंही म्हणतात. अतिपिकल्या फळात पेक्टिन कमी होतं, आणि स्ट्रॉबेरीत ते मुळातच बेताचं. त्याच मोसमातल्या करकरीत पेरूचा शिजवून गाळलेला गर त्यात मिसळावा, पेरू पेक्टिनने भरलेला असतो. लिंबाचा रस केवळ चवीपुरता नाही. आंबटपणाशिवाय पेक्टिन जमत नाही.

मसाल्याची पूड नको, रंग मातकट होतो. अख्खा मसाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडावा आणि बरण्या भरायच्या आधी काढावा, नाहीतर लवंग दिवसेंदिवस चढत जाते.

आणि वर बुरशी आली तर तेवढी खरवडून बाकीचा खाऊ नये. तिची विषं डोळ्यांना न दिसता खाली उतरलेली असू शकतात. अख्खी बरणी टाकायची; छोटी असेल तर हळहळही छोटी.