पाठांतर नाही, वेशभूषा नाही, तरीही नाटक! मुलांचं वाचन सुधारणारं ‘रीडर्स थिएटर’ आहे तरी काय?

मराठीच्या तासाला धडा वाचायला एखाद्या मुलाला उभं केलं जातं. ते एकेक अक्षर जोडत अडखळतं, जोडाक्षर आलं की थांबतं, मागून कुणीतरी हसतं. पुढच्या वेळी ते मूल बाईंची नजर चुकवायला लागतं.

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. ‘असर २०२४’ नुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता.

अडचण कुठे होते?

अक्षरं ओळखण्यातच सगळं लक्ष गेलं, तर अर्थाकडे लक्ष द्यायला काही उरत नाही. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अमेरिकन अभ्यासक जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये यावर साधा उपाय मांडला: तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचायचा.

आता तुम्ही म्हणाल, एकच पान पाच वेळा कोणतं मूल वाचेल?

इथेच रीडर्स थिएटर कामाला येतं. आपल्याकडच्या अभिवाचनासारखंच हे. संहिता हातात ठेवायची आणि फक्त आवाजातून पात्र उभं करायचं. वर्गासमोर सादर करायचं म्हटलं, की तालमीला कारण मिळतं. मूल तेच संवाद दहा वेळा वाचतं आणि त्याला ती शिक्षा वाटत नाही.

वर्गात कसं करायचं?

सिंह आणि उंदराची गोष्ट घ्या. “उंदीर घाबरून म्हणाला, महाराज, मला सोडा” याचं संहितेत असं होतं:

उंदीर (घाबरून): महाराज, मला सोडा!

सोमवारी शिक्षकांनी वाचून दाखवायचं आणि अवघड शब्द समजावायचे. मंगळवार ते गुरुवार पाच-सहा जणांच्या गटांत तालीम, रोज भूमिका बदलून. शुक्रवारी सादरीकरण. खर्च फक्त झेरॉक्सचा.

उंदीर घाबरलाय की लबाडी करतोय, हे ठरवल्याशिवाय आवाज ठरत नाही. म्हणजे अर्थ समजून घ्यावाच लागतो. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांचा उपयोगही इथे आपोआप कळतो.

पण फायदा होतो का?

१९९९ मध्ये मार्टिनेझ, रोझर आणि स्ट्रेकर या अमेरिकन अभ्यासकांनी दुसरीच्या वर्गांत १० आठवडे केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मुलांचा वाचनवेग मिनिटाला सरासरी १७ शब्दांनी वाढला. तुलनेसाठी घेतलेल्या वर्गांपेक्षा ही वाढ बरीच जास्त होती.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. ज्याला अक्षरओळखच नाही, त्याला ती आधी वेगळी शिकवावी लागते. आणि मूल संवाद पाठ करून म्हणत असेल, तर ते वाचन नव्हे. भूमिका रोज बदलायच्या त्या यासाठीच.

अडखळणाऱ्या मुलाला कायम ‘झाड’ करू नका. सुरुवातीला छोटे संवाद द्या, पण द्या. तालीम करून वर्गासमोर न अडखळता वाचलेली चार वाक्यं त्याला पुढचं पान उघडायला पुरेशी असतात.