दोन छत्र्या, एक टीव्ही आणि आजीची टिकली

"इंजिनिअरिंगला आहेस ना? मग एवढं जोडून दे की!" सुट्टीत घरी गेल्यावर हे वाक्य ऐकलं नाही असा ईएनटीसीचा विद्यार्थी विरळाच. मिक्सर, इस्त्री, मोबाइल, सगळं आपल्याच खात्यात! गेल्या दिवाळीत माझ्या वाट्याला आल्या गच्चीवरच्या दोन छत्र्या.

त्याचं झालं असं. गावच्या घरी आजोबांनी बसवलेली डीडी फ्री डिशची छत्री होती. दूरदर्शनची ही सेवा २००४ च्या डिसेंबरात 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही. पुढे काकांनी क्रिकेटसाठी खासगी कंपनीची दुसरी छत्री लावली. छत्र्या दोन, डबे दोन, पण टीव्ही जुना. त्याला मागे पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचं एकच इनपुट! काका मॅच बघून पिना तशाच ठेवायचे. त्यांचं रिचार्जही मॅचपुरतंच. दुपारी सगळे शेतावर गेले की आजी टीव्ही लावायची, तर समोर रिचार्ज संपल्याचा निरोप. पिना बदलायला टीव्ही पुढे ओढावा लागतो. पंच्याहत्तरीच्या आजीला ते कसं जमणार? ती कुणाला काही बोलली नाही. तिने दुपारचा टीव्हीच सोडून दिला.

हे कळल्यावर मी लगेच कामाला लागलो.

पहिला प्रयोग, अर्थात फजिती

माझी आयडिया सोपी होती. दोन्ही छत्र्यांच्या केबल एका स्प्लिटरला उलट्या जोडायच्या आणि त्यातून निघणारी एकच केबल फ्री डिशच्या डब्यात घालायची. सगळी चॅनेल एकाच रिमोटवर! प्रत्यक्षात चालू असलेली चॅनेलसुद्धा गेली, उरली त्यांच्यावर चौकोन-चौकोन नाचू लागले. काका म्हणाले, "फी वाया गेली!" रात्री नोट्स आठवत बसलो, तेव्हा चूक लक्षात आली. चूक एक नव्हती, तीन होत्या.

पहिली चूक फ्रिक्वेन्सीची. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला, काकांचा उपग्रह त्याच्यापासून काही अंश बाजूला. दोघेही केयू बँडमधल्या त्याच त्याच फ्रिक्वेन्सी वापरू शकतात, कारण त्यांना वेगळं ठेवते ती छत्री. छत्री एकाच दिशेला बघते. पण तिच्या तोंडाशी असलेला एलएनबी काय करतो? केबलमधून झेपेल इतकी फ्रिक्वेन्सी खाली आणतो. समजा सिग्नल ११,५०० मेगाहर्ट्झचा आहे आणि एलएनबीचा ऑसिलेटर ९,७५० चा, तर केबलमध्ये येतात १,७५० मेगाहर्ट्झ. दुसऱ्या उपग्रहाच्या ११,५०० चेही १,७५० च होणार! आकाशात वेगळे असलेले दोन सिग्नल मी केबलमध्ये एकमेकांवर बसवले. छत्रीने केलेलं सगळं काम पाण्यात.

दुसरी चूक व्होल्टेजची. केबलमधून फक्त सिग्नल खाली येतो असं आपण समजतो. पण त्याच केबलमधून डबा वर हुकूमही पाठवत असतो. १३ व्होल्ट दिले की एलएनबी उभं पोलरायझेशन घेतो, १८ दिले की आडवं. शिवाय २२ किलोहर्ट्झचा टोन दिला तर वरचा बँड. स्प्लिटरमधून हा हुकूम दोन्ही एलएनबींना गेला आणि दोघेही एकदम बोलू लागले. वर्गात दोन रोल नंबरनी एकदम "प्रेझेंट सर" म्हणावं तसं!

तिसरी चूक कुलुपाची. खासगी कंपनीची चॅनेल एन्क्रिप्ट केलेली असतात. ती फक्त त्यांच्याच डब्यात, त्यांच्याच कार्डावर उघडतात. म्हणजे वायर बरोबर जोडली असती तरी काकांची मॅच फ्री डिशच्या डब्यात दिसलीच नसती.

मग जोडायचं कुठे?

दोन्ही उपग्रहांवरची चॅनेल मोफत असतील आणि डब्याच्या मेनूत सोय असेल, तर दोन छत्र्या एका डब्याला जोडता येतात. पण स्प्लिटरने नाही, डायसेक स्विचने. युटेलसॅट या युरोपीय संस्थेने आणलेली ही पद्धत. डबा त्याच २२ किलोहर्ट्झच्या टोनचे छोटे-छोटे तुकडे करून संदेश पाठवतो, "आता ए", "आता बी", आणि स्विच तेवढीच केबल पुढे जोडतो. साधा डायसेक स्विच चार एलएनबींपर्यंत सांभाळतो. मेनूत कुठली छत्री कुठल्या पोर्टवर आहे ते मात्र बिनचूक भरायचं.

आमच्यासारखी केस असेल तर छत्री आणि डबा यांची जोडी मोडायचीच नाही. निवड करायची ती डब्यानंतर. नव्या टीव्हीला दोन-तीन एचडीएमआय पोर्ट असतात, तिथे प्रश्नच नाही. रिमोटवर सोर्स बदलला की झालं. पोर्ट कमी पडले तर एचडीएमआय स्विच. जुन्या टीव्हीला एव्ही सिलेक्टर: दोन-तीन इनपुट, एक आउटपुट, पुढे बटणं. इथेही वाय-पिन लावून दोन आउटपुट एकत्र करू नका. नाहीतर चित्रावर चित्र!

तीन्ही ठिकाणी तत्त्व एकच. दोन सिग्नल मिसळायचे नाहीत, एका वेळी एक निवडायचा. व्हायवाला हे मी धडाधड सांगितलं असतं, पण गच्चीवर चढल्याशिवाय कळलं नाही ते नाही!

आणि हो, जोडाजोडी करताना डब्यांचे प्लग आधी काढा. केबलच्या टोकाला जाळीचा एखादा तंतू मधल्या तारेला चिकटला तर शॉर्ट होतो आणि आपण उगाच छत्री हलवत बसतो.

तालुक्याहून शे-दीडशे रुपयांचा सिलेक्टर आणला. टीव्हीच्या पुढे, आजीच्या हाताला येईल असा ठेवला. बटणांवर इंग्रजीत एक-दोन-तीन लिहिलेलं. आजीने चष्मा लावून पाहिलं, आत गेली आणि आपल्या पाकिटातली लाल टिकली आणून पहिल्या बटणावर चिकटवली. "हे माझं," म्हणाली.

आता दुपारी फोन केला तर आजी लवकर उचलत नाही. टीव्ही चालू असतो.